कोमुगीची गरम पेज

"तुमच्या पावडरीचा काडीचा उपयोग नाही!" भर दवाखान्यात मी इवाबुची डॉक्टरांवर खेकसले. पंधरा वर्षांच्या आमच्या कोमुगी कुत्रीचं पोट महिनाभर बिघडलेलंच होतं.

"देता कशातून?"

"तांदळाच्या वाफाळत्या पेजेतून."

"अहो, त्यात जिवंत जिवाणू असतात. एवढ्या गरम पेजेत ते मरतात. कोमट करून द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आधी निवू दे गं, चिझुरू," असं आई रोज म्हणायची आणि "तुला औषधातलं काय कळतं?" म्हणत मी तिला रोज गप्प करायचे.

आई शेजारीच कोमुगीला मांडीवर घेऊन बसली होती. ती डॉक्टरांपुढे वाकून म्हणाली, "माफ करा, पेज मीच गरम वाढायचे."

मी तिला तसंच वाकू दिलं.