पडवीतल्या हापिसाची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, आणि हे सांगताना मान खाली घालण्याचे मला काहीच कारण नाही. भोरच्या एका सुताराने मला घडवले. माझ्या अंगात एकही खिळा नाही. सारे सांधे खाचेत बसवलेले आहेत. तीस वर्षे मी एका कचेरीत काढली. तिथले एक साहेब सकाळी सही करत, माझ्या पाठीवर छत्री अडकवत आणि थेट संध्याकाळी उगवत. छत्री दिसली की सारे समजत, साहेब हजर आहेत. मित्रांनो, हजेरी वेगळी आणि काम वेगळे, हे मला तेव्हाच कळले.

पुढे कचेरीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. लिलावातून सोमनाथ नावाच्या एका शेतकऱ्याने मला टेम्पोत घालून वेल्ह्याजवळच्या आपल्या घरी आणले. तिथे काही वर्षे माझ्यावर कांद्याची पोती होती. त्याबद्दल मी बोलणार नाही.

मग टाळेबंदी लागली आणि सोमनाथची बायको स्नेहल पुण्यातल्या कंपनीचे काम घेऊन घरी आली. मोबाईलला रेंज मिळे ती पडवीच्या टोकाला. तिने पोती उतरवली, मला पुसले, माझी वेताची बैठक नव्याने विणून घेतली. पाच वर्षे तिने माझ्यावर बसून विम्याचे कागद तपासले. शेजारी लेक प्रेरणा पाटीवर रेघोट्या ओढत असे. एकही काम स्नेहलने दुसऱ्या दिवसावर ढकलले नाही. मी साक्षीला आहे.

गेल्या वर्षी कंपनीने सर्वांना परत बोलावले. आठवडाभर फोनवर वाद झाले. माणसे समोर दिसली की कामाचा भरवसा वाटतो, असे वरच्या बाईंचे म्हणणे. स्नेहलने आवाज चढवला नाही.

"मॅडम, पाच वर्षं मी दिसत नव्हते. तेव्हा भरवसा नव्हता का?"

अखेर घरूनच काम करू देण्याच्या सवलतीचा अर्ज घेण्याचे ठरले. अट एवढीच, की घरच्या माणसाने फोनवर सांगावे, ही दिवसभर कामच करते. स्नेहलने सासूबाईंचा, अंबूबाईंचा नंबर दिला. त्यांना सांगून ठेवण्याआधीच, ती लेकीला आणायला अंगणवाडीत गेली असताना फोन आला.

या डोंगरात सून कामाला जाते म्हणजे घराची ओढाताण आहे, असे मानतात. आपल्या घरची बाई दुसऱ्याच्या बांधावर राबायला गेली नाही, हा अंबूबाईंचा चाळीस वर्षांचा ताठा. परक्या बाईने विचारले, सून काम करते का? अंबूबाई माझ्यावर ताठ बसल्या.

"आमच्या घरच्या सुना कामाला जात न्हाईत, बाई. घरीच असती. सैपाक करती, लेकरू बघती. हितं बसून मोबाईलवर बोलती, तेवढंच."

अर्ज फेटाळला गेला. का, तेही कागदावर लिहून आले. स्नेहलने तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला.

"म्या घराची अब्रू राखली," अंबूबाई म्हणाल्या.

"व्हय, आत्याबाई. माझी पाच वर्सं मात्र तुमी 'तेवढंच' म्हणून पुसलीत."

आता स्नेहल पुण्यात चौघींत एका खोलीत राहते आणि शनिवारच्या एसटीने येते. प्रेरणा दोन दिवस तिच्या अंगाला चिकटून असते. तिकडे हापिसात म्हणे माणसांपेक्षा खुर्च्या कमी आहेत. जागा आदल्या दिवशी मोबाईलवर धरून ठेवावी लागते. एकदा जागा धरायची राहिली, तर तिने जिन्यात बसून काम केले. बोलायचे होते ते तरी कोणाशी? नागपूरच्या माणसांशी, हेडफोनवरच!

मित्रांनो, मला पुसा, मला रंग द्या, असे मी विनवणार नाही. घरात बसून कोणी राबत असेल, तर त्याला काम म्हणायला शिका, आणि चारचौघांत म्हणा. माणसाची किंमत तो कुठे बसला आहे यावर करू नका.

हल्ली रोज दुपारी अंबूबाई माझ्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून अभिमानाने सांगतात, "आमची सून पुण्याला मोठ्या हापिसात हाय."

मला ते ऐकावे लागते. खुर्चीला उठून जाता येत नाही.