नऊ तास चाळीस मिनिटं

दादा आईला आठ वर्षं एकच सांगत आला होता: माझ्याकडे परदेशात यायचं तर तीन विमानं बदलायची, तीस तास बसायचं, तुझे गुडघे टिकायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी व्हिसा त्यानेच हौसेने काढून दिला, आणि वर पुन्हा तीच भीती घातली. आईने नातीला फक्त फोनमध्येच पाहिलेलं.

पण आई चिवट. तिने बसायचा सराव सुरू केला. स्वयंपाकघरातली बिनहातांची खुर्ची, मांडीवर पर्स, पाय जुळवलेले. चहा दिला तर नको म्हणायची, मग सारखं उठावं लागतं. किती वेळ बसली ते कॅलेंडरवर लिहायची. चार तास. सहा. एकदा अकरा, त्या दिवशी पाय भोपळ्यासारखे सुजले. मी ओरडले तर म्हणते, आता एकोणीसच राहिले.

गेल्या महिन्यात मी विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात लागले. पहिल्याच दिवशी मॅडमनी शिकवलं: इथे एक विमानतळ घाल, तिथे दुसरा, की अंतर आणि वेळ समोर. मी गंमत म्हणून आपलं शहर आणि दादाचं शहर घातलं. सात हजार चारशे किलोमीटर. थेट विमान, रोज सकाळी. नऊ तास चाळीस मिनिटं.

तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीला फोन केला, तर ती म्हणाली की आईंनाच यायचं नाही असं हे सांगतात. घ्या! ती माझ्याहून जास्त भडकली. दोघींनी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं.

आठवड्यातच दादाचा फोन आला. तुमच्याकडे चार दिवसांचं काम निघालंय, तू त्याच धंद्यात आहेस तर तिकीट तूच काढ. आई समोर भाजी निवडत होती. मी फोन स्पीकरवर टाकला, आईपण ऐकतेय म्हणून त्याला सांगितलंही.

"दादा, थेट विमान आहे का रे कुठलं?"



"नाही गं. नेहमीचंच काढ."

नंतर मला एकटीला फोन करून खरं सांगेल म्हणून मी दोन दिवस थांबले, देवाशपथ. नाही केला. मग काढलं त्याचं नेहमीचं: तीन विमानं, तीस तास. शोधताना नाकी नऊ आले, असला आडमार्ग कोणी घेतच नाही. मधल्या थांब्यावर बाकड्यावर बरोबर अकरा तास बसावं लागेल, एवढंही जमवलं. तिकीट बघून त्याने हूं की चूं केलं नाही. करणार कुठल्या तोंडाने?

तो तिकडून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला थेट विमानात बसवून आले.

संध्याकाळी दादा दारात उभा. चेहरा उतरलेला, बुटांच्या नाड्या सोडलेल्या, कारण पाय बुटात मावत नव्हते. त्याने आईला हाक मारली.

"ती तुझ्या घरी पोचली असेल," मी म्हटलं, आणि बस म्हणून तीच खुर्ची पुढे केली. समोर कॅलेंडर होतं. तो एकेक आकडा वाचत बसला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. मागे नातीची टकळी चालू होती. दादा आलाय म्हटल्यावर म्हणाली, दे त्याला.

"अरे, पोचले मी," आई म्हणाली. "एवढंच होतं होय? मी तर घरी खुर्चीवर याच्याहून जास्त बसले होते. तेव्हाच पोचले असते की रे."