सावरीचे लोड

आमच्या सासूबाईंना स्वच्छतेचं वेड आहे. बाजारातून आलेली सुटी नाणीसुद्धा त्या साबणाने धुतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला तेवढं भिजत घातलं नाही. पण हेच वेड एक दिवस आमच्या मुळावर आलं.

आमचं गॅरेज उताराच्या माथ्यावर आहे आणि धाकट्या दिरांचं माशांचं तळं पायथ्याशी. मधे एकच उघडं गटार. पाऊस आला की रस्त्यावर सांडलेलं सगळं ऑइल त्या गटारातून थेट तळ्यात जातं. मागच्या मोठ्या पावसात त्यांचे निम्मे मासे पोट वर करून तरंगले. भावजी भांडले नाहीत. एक मेलेला मासा आणून गॅरेजच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "दादा, आणखी एकदा असं झालं की मी तळं बुजवतो आणि गाव सोडतो." त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. जेवताना सासूबाई त्यांच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायच्या. मला ते बघवत नसे.

उपाय सापडला तो एका फाटक्या उशीत. उशी सावरीच्या कापसाची होती. गॅरेजमधल्या डबक्यात ती पडली, आणि उचलून पाहतो तर तिने ऑइल तेवढं ओढून घेतलं होतं, पाणी तसंच राहिलं होतं. मेस्त्रींचा विश्वास बसेना. माझ्या नवऱ्याला सगळे मेस्त्रीच म्हणतात, मीही. त्यांनी बादलीत पाणी आणि काळं ऑइल मिसळून पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग रस्त्याकडेच्या सावरीच्या झाडांखालचा कापूस गोळा केला, जुन्या मच्छरदाणीच्या लांब पिशव्या शिवल्या आणि भरलेले लोड गटारात आडवे टाकले. लहानसहान सरींना ते पुरून उरले. काळेकुट्ट झाले तेव्हा काढून मागच्या अंगणात टाकले आणि नवे भरायला घेतले.

नवा कापूस धुळीचा होता. मी दुपारी जरा पडले, तेवढ्यात सासूबाईंनी तो सोडा आणि साबणाच्या कढत पाण्यात धुतला, गच्चीवर वाळवला, पिंजला. दुधासारखा पांढरा. "माझ्या लेकाच्या तळ्यापाशी घाण कशाला न्यायची?" त्या म्हणाल्या. मीही त्यांचं कौतुक केलं. आम्ही लोड भरले आणि गटारात बसवले.

मग तो पाऊस आला. त्यात सकाळीच एका ट्रकचं चेंबर फुटून सगळं ऑइल रस्त्यावर पसरलेलं. पाणी रंगीत होऊन उताराला लागलं. मी निवांत होते. लोड होते ना!

"अगं, बाहेर ये," मेस्त्री ओरडले. मी धावत गटारापाशी गेले.

लोड जड होऊन तळाशी बसले होते आणि ऑइल त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं. मेस्त्रींनी एक उचलून पिळला. नुसतं पाणी गळलं.

"हा पाणी पितोय," ते म्हणाले. "कशाने धुतला होता?"

"साबणाने," मी म्हणाले, आणि माझं मलाच कळलं. त्या कापसाच्या अंगचाच मेणचटपणा पाण्याला दूर ठेवत होता. आम्ही तो धुऊन टाकला होता.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मी रागाने काहीतरी बोलणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून राग गिळला.

"घरातल्या उशा फोडू," मी म्हणाले.

"त्याही धुतल्यात," त्या म्हणाल्या. "सगळ्याच."

घरात न धुतलेलं काहीच नव्हतं. खाली ते तळं, आणि आमच्या हातात काही नाही. तेवढ्यात सासूबाई घरामागे गेल्या. ज्या घाणीकडे त्या नाक मुरडून बघायच्या, ते जुने काळे लोड त्यांनी ओढत आणले. त्या लोडांना हात लावायचा म्हणजे सासूबाईंना पुन्हा अंघोळ करावी लागली असती, म्हणून तेवढेच धुण्यातून वाचले होते.

"पिळून बघ," त्या मेस्त्रींना म्हणाल्या, आणि स्वतःच पिळायला लागल्या. काळं ऑइल गॅरेजमधल्या रिकाम्या ड्रममध्ये पडलं. पिळलेला लोड गटारात टाकला, तर तो तरंगला आणि ओढायला लागला. मग आमचं एकच चाललं. मेस्त्री भरलेले काढायचे, सासूबाई पिळायच्या, मी पुन्हा टाकायचे. पाऊस आम्हाला झोडपत होता. सासूबाईंचं लुगडं, कोपर, कपाळ, सगळं काळं झालं. तोंडाने त्या "जाऊ देऊ नका, जाऊ देऊ नका" एवढंच म्हणत होत्या.

पाऊस ओसरला तेव्हा भावजी चढ चढून आले. हातात त्यांच्या तळ्यातली मोठी मादी होती, जिच्या अंड्यांवर त्यांचं तळं चालायचं तीच. मेलेली. मला वाटलं, संपलं.

"बाकीचे?" मेस्त्रींनी विचारलं.

"तोंडं वर काढून धापा टाकतायत. सांगता येत नाही."

मग त्यांची नजर आईवर गेली. त्यांनी तिला आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी दोन्ही काळे हात त्यांच्यापुढे धरले.

"माझ्याच हाताने झालं रे," त्या म्हणाल्या. "आता तूच सांग, हे धुऊ का नको?"

भावजी मासा पायरीवर ठेवून आत गेले, इतक्या दिवसांनी उंबरा ओलांडून, आणि पाण्याची बादली, साबण आणि एक रिकामी परात घेऊन आले. आईचे हात परातीवर धरले आणि स्वतः साबण लावायला बसले.

"एक थेंब गटारात जाऊ देऊ नका, वहिनी," ते मला म्हणाले. "खाली मासे आहेत."