बाजूला पाहणारी दुर्बीण

सकाळचे ऊन रुग्णालयाच्या त्या खोलीत शिरले ते संकोची पाहुण्यासारखे, उंबऱ्यापाशी घुटमळत. आधी ते खिडकीच्या चौकटीवर टेकले, मग घरंगळत स्टीलच्या पेल्यावर आले, तिथे जरासे चमकले आणि चादरीच्या सुरकुत्यांतून वाट काढत मामांच्या हातापर्यंत पोहोचले. चादर पांढरी झाली, उशी पांढरी झाली. मामा मात्र पिवळेच राहिले. दिव्याखाली कावीळ दडून राहते, दिवसाउजेडी तिला लपायला जागा नसते. हे ठाऊक असलेला भाचा दारातच उभा होता. त्याला आत जाववेना.

पोटविकारांचा हा तरुण डॉक्टर याच रुग्णालयात काम करत असे.

"ये रे घुम्या," मामा म्हणाले. खाजवून खाजवून त्यांच्या दंडांवर ओरखडे उठले होते. "असा सोन्याचा मामा कुणाच्या नशिबी असतो? बघून घे."

"तुमचं आपलं काहीतरीच! अहो, डॉक्टर आहे तो," उशाशी बसलेली मामी म्हणाली.

"डॉक्टर दाराबाहेर. आत माझा भाचा."

मामी हसली. भाच्याला हसू आले नाही.

काही महिन्यांपूर्वी मामांना थकवा येऊ लागला, रक्त कमी भरले, तेव्हा त्यानेच त्यांच्या पोटात दुर्बीण घातली होती. मामांना उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते त्याला बघवेना. ती साधी दुर्बीण नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखी पुढचे तेवढे दाखवते. पित्तनलिकेचे तोंड असते आतड्याच्या बाजूच्या भिंतीत, घडीआड. तिथे थांबावे लागते, वळावे लागते, तरीही दिसले नाही तर बाजूला डोळा असलेली दुसरी दुर्बीण मागवावी लागते. त्याने नळी बाहेर ओढली आणि म्हटले, "सगळं स्वच्छ आहे, मामा."

पुढे डोळे किंचित पिवळे झाले आणि आपसूक निवळले. "खडा सरकला असेल," तो म्हणाला. पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेल्या गाठीची कावीळ अशीच येते-जाते, हे विद्यार्थिदशेत त्याने घोकून पाठ केले होते. नेमके तेच त्याला आठवले नाही, की त्याने आठवू दिले नाही?

या आठवड्यात कावीळ परतली, तेव्हा विभागप्रमुख मॅडमनी ती बाजूला पाहणारी दुर्बीण घातली. पडद्यावर ते तोंड दिसले, सुजलेले, खडबडीत, भोवती लालसर व्रण. त्यांनी तुकडा काढला. निकाल कर्करोगाचा आला.

आता मॅडम आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. "गाठ दुर्मीळ आहे, पण पसरलेली दिसत नाही. शस्त्रक्रिया मोठी आहे. स्वादुपिंडाचा थोडा भाग, आतडं, नलिका काढून पुन्हा जोडायचं. मात्र आत्ताच करायला हवी."

"तेव्हा नव्हती ना हो ही?" मामीने विचारले.

मॅडमनी भाच्याकडे ओझरते पाहिले. "या गाठी सहसा लवकर नजरेस येत नाहीत," एवढेच म्हणून त्या उठल्या.

तो आडोसा त्याला उबदार वाटला, आणि तसा वाटला याचीच त्याला लाज वाटली.

"मी म्हणतच होते," मामी म्हणाली, "असती तर याच्या नजरेतून सुटली नसती."

मामांनी मान डोलावली. "म्हणजे कालपरवाचीच आहे ती. मग एवढी कापाकापी कशाला? थांबू की थोडे महिने. घुम्या, तू परत एकदा बघ. तू म्हणालास वाढलीय, तर डोळे मिटून सही करतो. बाकी कुणाचं मी ऐकायचो नाही, तुला ठाऊक आहे."

"मामा, थांबता येणार नाही."

"का? तूच पाहिलं होतंस ना, काही नव्हतं म्हणून?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे भाच्याला झाले. पण फरशी निर्विकार होती, आणि मामांची नजर त्याच्यावर टेकून राहिली होती, पिवळी, भाबडी, त्याच्या तोंडून येईल ते खरे मानायला तयार. निकाल आल्यापासून तो स्वतःला समजावत आला होता, की गाठ तेव्हा लहान असेल, आड असेल, किंवा नसेलच.

"नव्हती असं नाही, मामा," तो म्हणाला. "मी तिथं पाहिलंच नव्हतं."