ओट्याजवळचा प्रिंटर

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला आणि डॉक्टरांनी जिनाही मना केला. आई खाली स्वयंपाकघरात. तिला ऐकू कमी येतं आणि मोबाईल ती कपाटात ठेवते. म्हणून मी ओट्याजवळ प्रिंटर बसवून दिला होता. बाबा वर टॅबवर 'चहा' टाइप करायचे, खाली ठळक अक्षरांत चहा छापून यायचा.

या खेपेला माहेरी आले, तर दोघांचं बिनसलेलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. आई भांडी आपटत म्हणाली, "आधी कागदांनी नुसतं भंडावून सोडायचे. आता आठवडा झाला, एक चिटोरं नाही. माझं कुठे चुकलं ते तरी सांगा म्हणावं!"

प्रिंटर तर धडधाकट दिसत होता. असल्या गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याच्याकडून त्याच्या नेटवर्कची माहिती छापून घेतली. पत्त्याचा शेवटचा नंबर सात. बाबांचा टॅब मात्र सगळं प्रिंटरच्या जुन्या नंबरावर, चारवर पाठवत होता. मग चार नंबर कोणाकडे? टीव्हीकडे! तो बिचारा काय छापणार, कपाळ!

"आई, रात्री राऊटर बंद करतेस?"

"सगळंच बंद करते. सगळे झोपल्यावर ते दिवे कुणासाठी लुकलुकायचे?"

आत्ता उलगडा झाला. केबलवाल्याने नुकताच बसवलेला राऊटर रोज सकाळी सगळं विसरून उठायचा आणि जो आधी जागा होईल त्याला हाताला येईल तो नंबर देऊन मोकळा व्हायचा. आईची सवय मोडणं माझ्या बापाला जमलं नाही, मला काय जमणार! मी राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चार नंबर प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवला आणि सगळं एकदा बंद करून पुन्हा चालू केलं.

प्रिंटर खडखडला. टॅबमध्ये अडकून पडलेले कागद एकामागून एक बाहेर यायला लागले. आई चष्मा लावून वाचू लागली.

'चहा.'

'चहा मिळेल का?'

'रागावलीस?'

'माझं काय चुकलं?'

"अगं, मी कशाला रागावू यांच्यावर?" म्हणत आईने घाईने भांडं विसळून चहा ठेवला. तेवढ्यात शेवटचा कागद आला.

'चहा नको. नुसती वर येऊन बस.'

आईने चहाखालचा गॅस बंद केला. "आले हो!" ती छताकडे बघून ओरडली आणि ओल्या हातांनीच जिना चढायला लागली.