कातेना नावाची हाक

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, रंगही नाही. मी आहे नुसती एक हाक. सिसिलीतल्या बायकांचं एक जुनं नाव, कातेना. अर्थ विचाराल तर साखळी. हसू नका! माझा जन्म साखळी तुटली त्या दिवशीचा आहे.

म्हणतात की फार पूर्वी पालेर्मोत तीन निरपराध माणसांना फाशी द्यायला नेत होते. तेवढ्यात आभाळ फाटलं, म्हणून शिपायांनी त्यांना मरियम मातेच्या देवळात बांधून ठेवलं. कैद्यांनी रडून तिचा धावा केला आणि बेड्या आपोआप गळून पडल्या. तेव्हापासून ती साखळीची माता झाली, आणि कोळ्यांच्या बायका लेकींची नावं कातेना ठेवू लागल्या. नवरा समुद्रात, भाऊ तुरुंगात, कुणी ना कुणी कुठेतरी अडकलेलं असायचंच.

आमच्या किनाऱ्यावरच्या गावात माझा काय थाट होता! गल्लीत "कातेना" म्हणून ओरडलं की चार खिडक्या उघडायच्या. लाडानं कुणी कातिनुत्सा म्हणे, कुणी नुसतंच टीना. मग टीव्हीतली नवी नावं आली आणि मी मागे पडले.

शेवटी उरली एकच कातेना, आल्फिओची आई. तिचा नवरा नुंत्सिओ होडीतून उतरतानाच मला साद घालायचा, "कातेनाऽऽ, पास्त्याचं पाणी उकळत ठेव!" तो गेला आणि मी मुकी झाले. मुलगा 'आई' म्हणे, सून 'आई' म्हणे, शेजारी 'आल्फिओची आई' म्हणत.

आल्फिओला मुलगी झाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे मुलाच्या पहिल्या लेकीला त्याच्या आईचंच नाव द्यायचं, त्यात विचारायचं काय! पण सून लोरेदाना पडली उत्तरेची, तोरिनोची.

"साखळी?" ती म्हणाली. "शाळेतली पोरं तिला सायकल बांधतील! मला नोएमी ठेवायचंय."

"अगं, पण आईला काय वाटेल?" आल्फिओ चाचरला. "आपण हाक टीना मारू की."

"म्हणजे नाव ठेवायचं आणि लपवायचं? वा रे वा!"

शेजारीण सारिना आगीत तेल ओतायला हजरच. "आल्फिओच्या आई, एवढं ऐकून घेता? बाप्तिस्म्याला जाऊच नका. बघा, येतात की नाही नाक घासत!"

आजी झालेली कातेना स्वयंपाकघरात वळली. वांगी तळताना तिचे डोळे भरून यायचे, ते मी पाहिलंय. मी मनात म्हणत होते, अडून बस, हट्ट धर! ती अडून बसली असती तर आल्फिओ नक्की वाकला असता, आणि मी आणखी एक आयुष्य जगले असते.

बाप्तिस्म्याच्या सकाळी बाळाला अंगडं घालता घालता ती सुनेला म्हणाली, "नोएमीच ठेव गं. बेड्या तुटल्या म्हणून हे नाव जन्माला आलं. आता त्याचीच बेडी करून तुझ्या पोरीच्या पायात घालू? मग ते नाव कसलं!"

लोरेदानाला ही गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. तिनं खोदून खोदून सगळी विचारून घेतली. पण नाव काही बदललं नाही. देवळात पाद्रीबाबांनी बाळाच्या कपाळावर पाणी ओतलं आणि म्हणाले, "नोएमी." खोटं कशाला बोलू? मला रडू आलं.

दुपारी पाहुणे जेवायला बसले. आजी खाली गल्लीत सारिनाशी बोलत उभी होती. एवढ्यात वरच्या सज्ज्यातून, बाळाला कडेवर घेऊन, लोरेदाना ओरडली, "कातेनाऽऽ! चला वर, पास्ता थंड होतोय!"

सारिनानं तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! सून सासूला नावानं हाका मारते?"

"मारू दे गं," आजी म्हणाली. "मीच विसरत चालले होते." आणि चार घरांना ऐकू जाईल अशी ओ देऊन ती जिना चढली.

मित्रांनो, तुमच्या आजीलाही एक नाव आहे. ते तिच्याकडून ऐका, त्याची गोष्ट विचारा. आम्हा जुन्या नावांना फार काही लागत नाही. कुणीतरी मोठ्यानं घ्यावं, एवढंच.