तपकिरी पाणी आणि उसवायचं टेबल

"निघालं! निघालं!" पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली आणि मागचे सगळे खुर्च्यांवर उभे राहिले.

पूर्वी ज्या हॉलमध्ये सोफे आणि कपाटं विकायला असायची, तिथे आता मधोमध एक पारदर्शक टब होता. टबात कोमट पाणी, पाण्यात एका निवृत्त पोस्टमनचे पाय आणि पायांशेजारी भोकं पाडलेली एक डबी. डबीची वायर एका लुकलुकत्या पेटीला जोडलेली. पाणी आधी पिवळट झालं, मग हिरवट झालं आणि बघता बघता गढूळ तपकिरी होऊन त्यावर फेस आला. पोस्टमन स्वतःचेच पाय पहिल्यांदा दिसल्यासारखे बघत होते.

"बघा, नीट बघा!" टबामागचा माणूस म्हणाला. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो कोणाच्या छातीला लावताना मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. लोक त्याला निर्मळगुरू म्हणायचे, मी निचरेवाला म्हणते. "ही तुमची सडकी प्रथिनं! वर्षानुवर्षं पेशीपेशीत तुंबलेली! मी नाही सांगत, विज्ञान सांगतं. कचऱ्याला वाट लागते, आणि ती वाट आहे तळव्यात!"

विज्ञानाने असलं काही सांगितल्याचं निदान माझ्या कानावर आलेलं नव्हतं, आणि मी शाळेत जीवशास्त्रच शिकवते. एरवी मी हसून निघून गेले असते. पण पोस्टमननंतर नंबर होता माझ्या ताईचा. मांडीवर पांढराशुभ्र टॉवेल घेऊन ती पहिल्या रांगेत बसली होती, आणि त्या सकाळी तिने खरं तर हॉस्पिटलात असायला हवं होतं.

ताईला मायलोमा आहे. रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं बनवणाऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत असतात, त्यांचा हा कर्करोग. त्यावर दर आठवड्याला पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन. ते छान लागू पडलं होतं, डॉक्टरीणबाई खूश होत्या, आणि नेमकं तेव्हाच ताईने ते बंद करून टाकलं.

का, तर निचरेवाला म्हणाला म्हणून. आणि त्याचं तिला पटलं ते तिच्या धंद्यामुळे. ताईचा शर्ट शिवायचा कारखाना आहे. फार मोठा नाही, पण तिथला एक नियम फार मोठा आहे: बिघडलेला नग छताखाली पडून राहता कामा नये. तपासणीच्या टेबलावर वाकडी कॉलर दिसली की लगेच तिला लाल चिमटे लागतात आणि ती उसवायच्या टेबलावर जाते. आयुष्यभर बिघडलेले नग हुडकून काढणाऱ्या बाईला कोणी सांगितलं, की तुझ्या अंगात बिघडलेल्या नगांचा ढीग पडलाय, तर तिला झोप कुठून लागणार? त्यात इंजेक्शनांमुळे तिची बोटं आणि तळवे बधिर झालेले. कोमट पाण्यात पाय बुडवले की बरं वाटायचं. कोमट पाण्यात कोणालाही बरं वाटतं!

मी उभी राहिले. "एक नवा टब भरा. त्यात कोणाचेही पाय न घालता यंत्र चालू करा."

मला वाटलं, आता याची बोबडी वळणार. निचरेवाल्याने हसत हसत पाणी भरलं, त्यात त्याचं 'ऊर्जाचूर्ण' टाकलं, म्हणजे मीठ, आणि बटण दाबलं. पाणी तपकिरी झालं.

"बाईंनी माझं काम सोपं केलं!" तो म्हणाला. "एवढी माणसं श्वास सोडताहेत. यंत्र हवेतूनसुद्धा ओढतं!"

टाळ्या! माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर लगेच खोल श्वास घेऊन जोरात सोडला, फुकटचा निचरा कशाला सोडा म्हणून.

"आता मी विचारतो," तो माझ्याकडे वळला. "तुमच्या बहिणीचं इंजेक्शन पेशीतलं सफाईचं यंत्र बंद पाडतं. हो की नाही?"

"हो, पण..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. 'हो' ऐकून हॉल उसळला, आणि माझा 'पण' त्या गोंगाटात बुडाला. तद्दन खोटं खोडून काढता येतं हो. अर्धं खरं बोलणाऱ्याशी भांडताना आपणच आधी मान डोलवतो आणि तिथेच हरतो. ताईने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मग तिने चपला काढल्या आणि टबात पाय घातले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कारखान्यात गेले. पिशवीत प्रयोगशाळेतला बॅटरी चार्जर आणि दोन लोखंडी स्क्रू होते. भाषण अजिबात द्यायचं नाही, असं वाटेत स्वतःला बजावलं होतं. ताई तपासणीच्या टेबलाशी होती, भावोजी पलीकडे कापड बेतत होते. दोरीवर तो पांढरा टॉवेल वाळत होता, त्यावर तपकिरी नकाशे उमटलेले.

"साबणाला दाद देत नाही मेला," ताई म्हणाली. "सकाळपासून तिसऱ्यांदा धुतलाय."

"कसला डाग आहे गं हा?"

तिने टॉवेल ओढला, उजेडात धरला, नखाने खरवडला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पटकन म्हणाली, "गंजाचा. कापडात टाचणी विसरली की पडतो ना, तसला..."

आणि तिचं नख डागावरच थांबलं.

भावोजी कात्री ठेवून आले. ते कधी मध्ये बोलत नाहीत. आत गेले, अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ आणून ताईपुढे ठेवलं. कारखान्यात गंजाचा डाग असाच काढतात. ताईने चोळलं, थोडं थांबली, परत चोळलं. डाग फिका होत होत गेला. ती त्या जागेकडे बघत राहिली.

"सडकी प्रथिनं लिंबाने जातात का गं?"

"नाही जात."

मी काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी केलं, स्क्रू बुडवले आणि दोन्हींना चार्जरच्या वायरी लावल्या. पिवळट, हिरवट, तपकिरी. वर फेस. "त्या डबीत लोखंडाच्या दोन कांड्या आहेत, ताई. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज होतो. बाकी काही नाही. आता यात कोणाचे पाय आहेत?"

"माझे तर बुटात आहेत," भावोजी म्हणाले.

ताई हसली नाही. "पाणी खोटं, कबूल. पण औषध सफाई बंद करतं, हे तर तूच भर हॉलमध्ये मान्य केलंस. मग मी ते टोचून का घ्यायचं, शहाणे?"

आणि मला आदल्या दिवसापासून घशात अडकलेला 'पण' बोलायला मिळाला. मी लाल चिमट्यांची वाटी पुढे ओढली.

"तुझ्याकडे वाकड्या कॉलरला चिमटा लागतो. एक चिमटा म्हणजे?"

"'जरा बघा.' शिलाई सुधारत असेल तर सुधारायची."

"आणि चिमट्याला चिमटा अडकवून माळ लावली तर?"

"'उसवा.'"

"पेशीत हेच चालतं. प्रथिन म्हणजे घडी घातलेला लांब धागा. घडी चुकली की आधी ती सुधारायला मदतनीस असतात. नाहीच जमलं, तर त्या प्रथिनाला एक चिमुकलं प्रथिन चिकटवतात. त्याचं नाव युबिक्विटिन. तो तुझा लाल चिमटा. त्याची माळ झाली की नग उसवायच्या टेबलावर. ते टेबल म्हणजे पिंपासारखं एक यंत्र, प्रोटिअसोम. ते माळ ओळखतं. मग चिमट्यांचं काय करतं, सांग?"

"काढून वाटीत. फेकतो की काय! पुढच्या नगाला लागतात."

"तेच करतं! चिमटे सोडवून परत कामाला लावतं. मग प्रथिनाची गुंतलेली घडी उलगडून धागा आत ओढतं आणि त्याचे बारीक तुकडे करतं. तुकडे सुटे होतात आणि त्यांतून नवी प्रथिनं बनतात."

"आणि उसवलेल्या कापडाचे आम्ही खिसे करतो," ताई पुटपुटली. "मग तळव्यात काय उतरतं?"

"काही नाही. जे उरतं ते रक्तातून मूत्रपिंडाकडे जातं. शरीराचा निचरा तू रोज सकाळी करतेसच, त्याला टब लागत नाही."

भावोजींनी पुन्हा कात्री उचलली आणि हसू लपवलं.

"आता तुझ्या दुखण्याच्या पेशी बघ," मी म्हणाले. "तो एक वेडा झालेला कारखाना आहे. एकच बाही, दिवसरात्र, ढिगाने. त्यांतल्या कितीतरी वाकड्या. तिथलं उसवायचं टेबल आधीच कसंबसं पुरं पडतंय. इंजेक्शन सगळ्याच कारखान्यांतलं ते टेबल थोडा वेळ अडवतं..."

ताईने हात वर करून मला थांबवलं. टेबलाकडे बघत ती हळूहळू बोलायला लागली. "नीट चालणाऱ्या कारखान्यात चार वाकडे नग पडून राहिले, तर चालतं. टेबल सुटलं की उसवता येतात. पण वेड्या कारखान्यात दारापर्यंत ढीग लागेल. यंत्र हलायला जागा राहणार नाही. तो आपल्याच बिघडलेल्या नगांखाली गुदमरेल."

"तो मरतो, ताई. म्हणून ते औषध."

ताईने चिमट्यांची वाटी बाजूला सारली.

"आणि माझी बोटं?"

"नसांच्या पेशींनाही त्याचा त्रास होतो. हे खरंय. डोस कमी करता येतो, अंतर वाढवता येतं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"मी त्यांना सांगितलंच नाही." ती हाताकडे बघत होती. "एवढं मोठं दुखणं त्या बघताहेत, त्यांना बोटांचं काय सांगायचं? सुई टोचली तरी कळत नाही गं. कापडावर रक्त दिसलं की कळतं. मला वाटलं, हात गेले तर जगून तरी काय करू?"

मला त्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. तिने डॉक्टरांना विचारलं नाही, औषध नक्की काय करतं हे तिला तिथे कोणी बसवून सांगितलं नाही, आणि मधल्या त्या रिकाम्या जागेत निचरेवाला खुर्ची टाकून बसला!

त्याच आठवड्यात आम्ही हॉस्पिटलात गेलो. मध्यंतरी त्या वेड्या पेशींचं रक्तातलं प्रथिन पुन्हा वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते लपवलं नाही. डोस कमी केला, अंतर वाढवलं. बोटांतली जाणीव हळूहळू परत येईल, कदाचित सगळी नाही येणार, असंही स्पष्ट सांगितलं. इंजेक्शन घेताना ताईने नर्सला विचारलं, "हे टेबल किती वेळ अडवतं हो?" नर्स बिचारी माझ्याकडे बघायला लागली.

परतताना ताईने त्या हॉलपाशी गाडी थांबवायला लावली. रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि तिच्यात टॉवेल घेऊन पोस्टमन उभे होते. ताईने पर्समधून लिंबू काढून त्यांच्या हातात ठेवलं. "घरी गेल्यावर टॉवेलच्या डागाला मीठ लावून चोळा. गेला तर तो गंज आहे. मग इथे कशाला येताय, ते स्वतःलाच विचारा."

पोस्टमननी लिंबू खिशात टाकलं, रांग पुढे सरकली आणि ते आत गेले.

मी वैतागून गाडीचं दार आपटलं. काय करायचं या लोकांचं? पाणी रंग बदलतं म्हणून कोणी बरं होत नाही, एवढं कळायला पदवी लागत नाही. कोणी तुमच्या अंगातला कचरा दाखवला, तर तो कशाचा आहे हे तपासायला मागा. कोणी औषध सोडायला सांगितलं, तर औषध देणाऱ्याला आधी विचारा. आणि त्रास होत असेल तर बोला हो, निदान बोला तरी!

"चिडू नकोस," ताई म्हणाली. ती सीटवर बसून बोटं एकेक करून अंगठ्याला लावून बघत होती. "मीही आत जाऊन बसलेच होते. आले ना बाहेर?"